चिकटवलेली सात पाने

मार्गशीर्ष वद्य सप्तमी, शुक्रवार. शहादे, मुलींची शाळा, मागचा वर्ग. दुपारी तीन.

हजर: डॉक्टरीणबाई, कचेरीतल्या कारकुनांच्या घरच्या तिघी, मारवाडी गल्लीतल्या चंपाबाई आणि त्यांच्या दोन जावा, चौथीच्या पाच मुली, मुलींना घरोघरून बोलावून आणणाऱ्या सखूबाई, नंदुरबारहून आलेले तुझे भाऊ, ब्राह्मणपुरीच्या जमनाबाई. पंधरा, आणि मी धरून सोळा. भगिनी मंडळाच्या सभेला एवढी हजेरी हळदीकुंकू सोडून कधी लागली नव्हती. सवयीने मी तुझे नाव पहिले लिहिले आणि मग एका रेघेने खोडले. वहीत खाडाखोड मला चालत नाही, हे तुला माहीत आहे. ही चालवून घेतली.

गोदू, तुझी शोकसभा नीट झाली. डॉक्टरीणबाई तुझ्या शिकवण्याबद्दल बोलल्या. चंपाबाई बोलायला उठल्या आणि रडून खाली बसल्या. तुझ्या भावांनी तुझे जन्मगाव, शिक्षण, नोकरीची वर्षे सांगितली. ते मी इथे पुन्हा लिहीत नाही. मी स्वतः आभार मानले आणि सतरंजी गोळा करून घेतली. तुझ्या-माझ्यातले जे होते ते सभेत बोलण्यासारखे नव्हते, म्हणून मंडळाच्या हस्तलिखितात लिहिते आहे. जमनाबाईंची गोष्ट त्यात येणार आहे. लिहू का, म्हणून त्यांना आधी विचारले. आधी विचारायचे असते, एवढे या चार महिन्यांत शिकले.

तुझ्या पुस्तकापासून सुरुवात करते, कारण भांडण त्याचेच होते.

तुझ्या खोलीतल्या फळीवर माणसाला सुधारणारी पुस्तके किती होती, हे मी एकदा मोजले होते. स्मरणशक्ती कशी वाढवावी, व्याख्यान कसे द्यावे, पत्रे कशी लिहावीत, तीन महिन्यांत लेखक कसे व्हावे. मराठी होती, गुजराती होती, दोन इंग्रजी होती, ती तू शब्दकोश घेऊन वाचायचीस. टपालाने एखादे आले की मधल्या सुट्टीत मला मोठ्याने वाचून दाखवायचीस.

“ऐक, यमू. ‘लेखनेच्छूने पहाटे उठून, स्नान करून, खोलीचे दार लावून टेबलाशी ताठ बसावे.’ खोलीचं दार, बरं का. आणि टेबल!”

“मग? बरोबर आहे. ताठ बसल्याशिवाय अक्षर चांगलं येत नाही.”

“अगं, चंपाबाईच्या घरात माणसं सतरा आणि दारं तीन. तिनं कुठलं दार लावायचं?”

“तिनं कशाला लेखक व्हायला पाहिजे?”

तू माझ्याकडे पाहिलेस आणि पुस्तक मिटलेस. तुझे ‘रोज बारा ओळी’ पुस्तक त्या दिवशी सुरू झाले असे तू पुढे सगळ्यांना सांगत असायचीस, आणि सांगताना माझे ते वाक्य माझ्या आवाजात म्हणून दाखवायचीस. सगळ्या हसायच्या. मीही हसायचे. मला ते लागायचे, हे कधी बोलले नाही.

पुस्तक लहान होते. बारा धडे. प्रत्येक धड्यानंतर एक आखलेले कोरे पान आणि त्याच्या माथ्यावर ‘येथे तुम्ही लिहा’. बाकीची पुस्तके मोठमोठ्या गोष्टी सांगत आणि तू सांगत होतीस: चूल पेटती असतानाच लिहायला बसा, विझली की दुसरे काम सुचते. पहिली ओळ आज हातांनी काय केले त्याची लिहा. चंद्रावर लिहायचे असेल तर जरूर लिहा, पण आधी स्वतःच्या उंबऱ्यावर लिहून झालेले असावे. सुंदर शब्द सुचला तर तो खोडा आणि गल्लीत बोलतात तो घाला.

कोऱ्या पानांना माझा पहिल्या दिवसापासून विरोध होता. वाचनालयाच्या पुस्तकात लिहायचे नसते. आपल्या मंडळाचा शिक्काच आहे तसा, ‘पुस्तकावर खुणा करू नयेत’. धुळ्याच्या छापखान्यातून प्रती आल्या, त्यातल्या दोन वाचनालयात जमा झाल्या आणि मी नियमाप्रमाणे पहिल्या पानावर शिक्का मारला. आतल्या पानांवर ‘येथे तुम्ही लिहा’. तू ते पाहून इतकी हसलीस की तुला ठसका लागला.

“आता बायांनी ऐकायचं कोणाचं? तुझं का माझं?”

“शिक्क्याचं,” मी म्हटले.

त्यांनी तुझे ऐकले.

एक गोष्ट कबूल करते. पहिला धडा मलाही करायला लावला होतास. मला गोष्टी येत नाहीत, याद्या येतात, म्हणून मी यादीच लिहून दिली. सकाळपासून केलेली सहा कामे. त्यातले चौथे होते, आईच्या जुन्या पातळाचे दोन तुकडे केले, एक फडताळ पुसायला, एक ठेवून द्यायला. तू चौथ्यावर बोट ठेवलेस. “इथे थांब. बाकीची पाच काढून टाक. ठेवून द्यायला कुठे? कशात? कोणी पाहिलं का?” मी चिडले. पण घरी जाऊन लिहिले, बारा ओळी झाल्या, आणि आई गेल्यानंतर पहिल्यांदा मला रडायला आले. पाचव्या कामाला डाळ निवडायची होती, ती त्या दिवशी राहिलीच. याबद्दल तुझे आभार मानायचे होते. मानले नाहीत. तू विचारलेस, “मग, झालं का लिहून?” आणि मी म्हटले, “झालं. डाळ राहिली.”

आता भाद्रपदातले.

वाचनालयाची एक प्रत सात बायांच्या घरी जाऊन आली होती आणि सात पाने भरली होती. नावे कोणी घातली नव्हती, पण आपल्या एवढ्याशा गावात नाव कशाला लागते? अक्षर ओळखू येते, आणि पुस्तक कोणाकडे कधी होते ते माझ्या रजिस्टरात असते. नववे पान, म्हणजे नवव्या धड्याखालचे, जमनाबाईंचे होते. ब्राह्मणपुरीचे मोठे घर, केळीचे मळे, सासू कडक. तुझ्या हाताखाली चौथीपर्यंत शिकलेली मुलगी. पुस्तक परत आले त्या दिवशी मी पाने मोजताना ते पान उघडले गेले आणि पहिल्या दोन ओळी वाचल्या गेल्या. ‘आज मी सासूबाईंना उत्तर दिलं नाही. उत्तर माझ्याकडे होतं.’

मी पुस्तक मिटले. पुढच्या दहा ओळी वाचल्या नाहीत.

रजिस्टर पाहिले. पुढचा नंबर केसरबाईंचा होता. केसरबाई म्हणजे जमनाबाईंची नणंद, शहाद्यातच दिलेली. तिने मुद्दाम हेच पुस्तक मागितले होते. दुसऱ्या दिवशी ती न्यायला येणार होती.

मी काय करायला हवे होते? हे तुला तेव्हाही विचारले आणि आताही विचारते. पान फाडणे मला शक्य नव्हते. पुस्तक दडवून ठेवायचे, तर रजिस्टरात काय लिहायचे? म्हणून मधल्या सुट्टीत कणकेची खळ केली, किडे लागू नयेत म्हणून चिमूटभर मोरचूद घातला, पुस्तकांना घालतो तो खाकी कागद मापाने कापला आणि नववे पान झाकले. मग वाटले, एकच पान झाकलेले दिसले तर नेमके तेच कोणीतरी उचकटून पाहील. म्हणून सातही झाकली. नीट, कडेला कड लावून. वर पाट ठेवून दाबली. अर्ध्या तासात काम झाले, आणि खरे सांगते, मला समाधान वाटले.

तू दुसऱ्या आवृत्तीसाठी ती पाने उतरवून घ्यायला आलीस. तुझ्या मनात होते की पुढच्या वेळी पुस्तकाचा अर्धा भाग या बायांचाच असावा. धडा तुझा आणि खाली त्यांच्या बारा ओळी.

“यमू, हे काय?”

“झाकलं.”

“कोणी सांगितलं?”

“सांगायला कशाला पाहिजे कोणी? चिटणीस मी आहे.”

“चिटणीस आहेस का जेलर?”

“जमनाबाईंनी काय लिहिलंय ते तू वाचलंस का?”

“वाचलं. पुस्तक परत करायच्या आधी तिनं दाखवलं मला. इतकं सरळ मला लिहिता येत नाही. म्हणून तर आले.”

“आणि ते केसरबाईंच्या हातात पडलं असतं तर? ब्राह्मणपुरीला सासूच्या कानावर जायला किती वेळ? रोज गाड्या जातात.”

“गेलं असतं. मग?”

“तुला काय जातंय ‘मग’ म्हणायला! तू आपली एका खोलीत राहतेस. तिला त्याच घरात भाकरी थापायची आहे.”

तू खाली बघितलेस. ते मी म्हणायला नको होते. म्हणून झाल्यावर लगेच कळले, पण परत घेण्याची सवय मला नाही.

“माझी खोली काढलीस ते ठीक,” तू म्हणालीस. “पण त्या बायांनी बारा ओळी मागितल्या होत्या, यमू. राखण मागितली नव्हती.”

त्यानंतर दोन महिने आपण शाळेपुरते बोललो. खडू संपले. हजेरी द्या. तपासणीला साहेब येणार आहेत. एका वर्गाला मध्ये एक लाकडी फळी, तिच्या अलीकडे मी, पलीकडे तू, आणि तुझा पाढ्यांचा आवाज मला दिवसभर ऐकू यायचा. मी रोज ठरवायचे की आज बोलू, आणि रोज वाटायचे की चूक माझी एकटीची नव्हती. अजूनही वाटते. तुझ्याशी भांडण मिटवायचे म्हणून मी खोटे लिहिणार नाही.

कार्तिकात तुला ताप आला. पहिले चार दिवस तो हिवताप वाटला, मग डॉक्टरांनी विषमज्वर म्हटले. मी कामाला लागले. मला तेच येते. यादी केली: डॉक्टरांना दोन वेळा बोलावणे, नंदुरबारहून मोसंबी, भावांना तार, तुझा वर्ग मी घेणे, उकळलेले पाणी वेगळ्या कळशीत. तू अंथरुणातून माझ्याकडे बघत होतीस.

“आणखी एक घाल,” तू म्हणालीस. “ती पानं उघड. जमनाला शब्द दिलाय मी, छापू म्हणून.”

“बरी हो. मग दोघी मिळून उघडू.”

“मी नसले तरी उघड.”

“असलं बोलू नये. घातलं बघ, सहावं.”

तू डोळे मिटलेस. “तुझ्या यादीत गेलं म्हणजे झालंच.”

हे तू टोमणा म्हणून म्हणालीस की विश्वासाने, ते मला कळले नाही. मी विचारले नाही. आता त्या वाक्यावर माझे दिवस जातात. टोमणा असेल तर तो मी कमावलेला आहे. विश्वास असेल तर त्याहून वाईट.

कारण सहावे काम झाले नाही. मी रोज सकाळी नवी यादी करते. जुन्यातले राहिलेले नव्यात उतरवते. तुझ्या आजारपणात अकरा याद्या झाल्या. अकराही माझ्याजवळ आहेत. मोसंबी, तार, डॉक्टर, सगळ्यांपुढे बरोबरची खूण आहे. सहावे प्रत्येक दिवशी पुढच्या पानावर गेलेले आहे, त्याच शब्दांत. वेळ नव्हता असे मी म्हणू शकते. पण तुझ्या उशाशी बसून मी मंडळाच्या विणकामाच्या लोकरीचा हिशोब जुळवत होते, तेव्हा वेळ होता. मला ती पाने उघडायची नव्हती. उघडली असती तर तू बरोबर होतीस असे झाले असते.

आता सभेनंतरचे सांगते. हे तुला माहीत नाही, आणि कोणाला सांगायचे तर तुलाच.

सगळ्या गेल्यावर जमनाबाई मागे थांबल्या. बाहेर त्यांचा छकडा उभा होता, गाडीवान बैलांना पाणी पाजत होता. त्या दाराशी उभ्या राहून म्हणाल्या, “मास्तरीणबाई, मन्हं पान कोठे शे?”

मी म्हटले, “कोणतं पान?” हे शब्द माझ्या तोंडून कसे गेले, देव जाणे.

“बारा ओळीस्नं. गोदूबाई बोलन्यात, छापसूत. आते त्या नही. तुम्हीन छापश्यात का?”

मग सांगावे लागले. खळ, खाकी कागद, सात पाने. आणि कारण सांगितले, केसरबाईंचा नंबर होता म्हणून. तुमच्या भल्यासाठी, असेही म्हटले. त्या ऐकत होत्या. चेहऱ्यावर राग नव्हता. समजत नसल्यासारखा चेहरा होता.

“केसरले?” त्या म्हणाल्या. “अहो, तिले ते मीच वाची दखाडं व्हतं. आम्ही दोन्ही रडनूत. तिलेबी लिखनं व्हतं. मन्हा पुढलं पान तिले पाहिजे व्हतं, म्हनीसन तिनी पुस्तक मांगं.”

गोदू, मी खुर्चीवर बसले. जिच्यापासून झाकले तिला ते त्यांनी आधीच वाचून दाखवलेले होते.

केसरबाईंनी पुस्तक नेले आणि दोन दिवसांत परत केले, हे मी रजिस्टरात पाहिलेले होते. दोन दिवसांत वाचून झाले, हुशार बाई, असे मला वाटले होते. तिने घरी जाऊन पाने उघडली असतील. सात जागी खाकी कागद. वहिनीशी भांडून उठलेली नव्हे, तर तिच्या पानाशेजारी आपले पान लिहायला आलेली बाई, आणि तिला पुस्तकाने सांगितले की लिहिलेले झाकण्यासारखे असते. उरलेली कोरी पाने तशीच कोरी होती, पाच होती, तिने एकावरही लिहिले नाही. त्यानंतर ती वाचनालयात आलेली नाही.

मी जमनाबाईंना म्हटले, “तुम्ही पुन्हा लिहून द्या. मी चांगला कागद देते. तेच लिहा.”

त्यांनी मान हलवली. “ते आते नही व्हई, बाई. तवय माले राग व्हता. आते सासू आजारी शे, मीच तिले जेवाडस. आते लिखसू ते दुसरंच व्हई.” मग म्हणाल्या, “पन ते बी मन्हंच व्हतं ना?”

मी हो म्हटले.

हे सगळे तुला सांगताना माझ्या डोक्यात तुझ्याशी वाद चालूच आहे. एका जमनाबाईंवरून नियम होत नाही. दुसऱ्या कोणाची नणंद वेगळी निघाली असती. सातांपैकी एखादीचे पान खरोखर झाकण्यासारखे असेल, आणि त्या एकीसाठी मी बरोबर होते. तू असतीस तर म्हणाली असतीस, “मग जाऊन तिला विचार ना.” एवढे साधे उत्तर. मी पुस्तकांच्या बाबतीत सगळे विचारते, केव्हा नेले, केव्हा आणणार, पान दुमडले का. त्या सात जणींना एक प्रश्न विचारला नाही.

त्या संध्याकाळपासून उघडायला घेतले. किटलीची वाफ द्यायची, मग ओला फडका ठेवायचा, मग सुरीच्या पाठीने कड उचलायची. घाई चालत नाही. मोरचूदाने खळ दगडासारखी झाली आहे. माझेच काम, चांगले केलेले.

सहा उघडली. पेन्सिलीने लिहिलेली तीन जशीच्या तशी आली. त्यात एक चंपाबाईंचे आहे, तीन दारांचे. तुला आवडले असते. उतरवून वेगळे ठेवले आहे. शाईची दोन होती. शाळेत आपण पुडी विरघळवून करतो ती शाई, ती ओलाव्याने पसरली आणि पानांवर निळे डाग राहिले, एकात ‘आई’ एवढा शब्द वाचता येतो. सहावे मधून फाटले. अर्धे खाकी कागदाबरोबर गेले. कोणाचे कोणते ते रजिस्टरावरून लावले आहे आणि सहाही जणींच्या घरी जाऊन आले. फाटलेले पान ज्यांचे होते त्या म्हणाल्या, “जाऊ द्या बाई, काय लिहिलं होतं ते मलाच आठवत नाही.” त्या मला धीर देत होत्या. ‘आई’ उरलेले डागाचे पान ज्यांचे होते त्यांनी ते घेतले, पाहिले, आणि दार लावून घेतले.

केसरबाईंकडेही गेले. त्यांनी चहा दिला. पुस्तकाचा विषय काढला तर म्हणाल्या, “आते काय, बाई. कामे शेत.” मी कप खाली ठेवला आणि उठले. तू बोलली असतीस.

नववे राहिले आहे. जमनाबाईंना विचारले होते, कशाने लिहिले. शाईने, म्हणाल्या, शाळेत येऊन बसल्या होत्या, गोदूबाईंनी आपली दौत पुढे केली. तुझ्या दौतीत कोणती शाई होती, गोदू? शाळेची पुडी की तुझ्या भावांनी आणून दिलेली काळी, ती पाण्याने जात नाही? तुझी खोली आवरताना मी सगळे लिहून घेतले आहे. पुस्तके, कपडे, समई, दोन चष्मे. दौत कोरडी होती. तळाशी वाळलेल्या शाईची कड उरली आहे ती उजेडात धरून पाहिली. कधी निळी दिसते, कधी काळी.

धुळ्याच्या छापखान्याला तू लिहिलेले पत्र टेबलाच्या खणात अर्धे सापडले. ‘दुसऱ्या आवृत्तीत भगिनींचे लेखन छापावयाचे आहे, त्यातील पहिले’ इथपर्यंत. पहिले म्हणजे जमनाबाईंचे, हे मला माहीत आहे. पत्र मी पुरे केलेले नाही. पान हातात आल्याशिवाय काय पुरे करणार?

उद्या बाजार आहे. जमनाबाई भाजी घेऊन झाल्यावर शाळेत येणार आहेत. आजची यादी समोर आहे. पाच कामे झाली, खुणा केल्या.

सहावे: पान नववे. वाफ देऊन झाली. ओला फडका वर ठेवला आहे. उचलायचा आहे.